खरें आहे, पण निघत नाहीं

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं शिकणारीं मुलें आहेत, त्यांस 'बुद्धिमत्ता चाचणी' या विषयाची नव्यानें ओळख करून देण्याचें कारण नाहीं. घोट किंवा तळोधी येथील नवोदय विद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून जें लहान मूल परीक्षेस बसतें, त्याच्यापुढील ८० प्रश्नांपैकीं ४० याच विषयाचे असतात. २०२३ सालच्या तलाठीभरतींत १०० प्रश्नांपैकीं २५ प्रश्न अंकगणितासह याच विषयास दिलेले होते. केंद्रीय लोकसेवा आयोगानें २०११ पासून व महाराष्ट्र लोकसेवा आयोगानें २०१३ पासून आपापल्या पूर्वपरीक्षेंत आकलन, तर्क व अंकगणित यांसाठीं निराळी प्रश्नपत्रिकाच ठेविली. तेव्हां घरांतील वडील मंडळींनीं या विषयाकडे 'मुलांचीं कोडीं' म्हणून पाहण्याचे दिवस गेले आहेत.

विषय तसा अगदीं नवा नव्हे. पॅरिस येथें आल्फ्रेड बिने यांनीं आपली पहिली चाचणी १९०५ सालीं प्रसिद्ध केली. आणि आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनीं ती कानडी व मराठी मुलांसाठीं बसवून त्यावरील आपला ग्रंथ १९४० सालीं प्रकाशित केला. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलों. संस्कृत मात्र आजोबांपाशीं झालें. अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' आम्हीं लहानपणींच मुखोद्गत केला होता, आणि पुढें जन्मभर मास्तरकी केली. त्यामुळें तर्क म्हणजे आमच्या घरचाच विषय, असा आमचा समज होता. तो समज कसा उतरला, आणि त्याची किंमत आमच्याऐवजीं दुसऱ्यानें कशी दिली, तें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

चंद्रपूर शहरांत जटपुरा दरवाज्याच्या बाजूस आमचें घर आहे. आमच्या गल्लींत एटापल्ली तालुक्यांतील एक तरुण खोली घेऊन राहतो. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला, तरी पलीकडचीं मुलें शिकण्यासाठीं अद्याप इकडे येतातच. याची मातृभाषा माडिया. मराठी तो आश्रमशाळेंत शिकला, आणि आतां आमच्या नातवंडांहून शुद्ध लिहितो. पुण्यास जाऊन शिकवणी लावण्याचें त्यास सामर्थ्य नव्हतें. इकडे येतांनाच वडिलांनीं एक बैलजोडी विकली होती. दिवसभर तो अभ्यासिकेंत बसे आणि संध्याकाळीं प्रश्नसंच घेऊन आमच्या ओसरीवर येई.

एके दिवशीं त्यानें पुढील प्रश्न आणला. 'सर्व सागवान झाडें आहेत. कांहीं झाडें पानझडी आहेत. निष्कर्ष : कांहीं सागवान पानझडी आहेत. हा निष्कर्ष निघतो कीं नाहीं?' मुलगा म्हणाला, "निघतो, गुरुजी. उन्हाळ्यांत आलापल्लीच्या रानांत सागावर पान राहत नाहीं." आम्हींहि मान डोलावली. सागाची पानगळ कोणास ठाऊक नाहीं? पुस्तकाच्या शेवटीं मात्र 'निघत नाहीं' असें उत्तर होतें. आम्हीं तो मुद्रणदोष ठरविला आणि पेन्सिलीनें तेथें दुरुस्तीहि केली! जें प्रत्यक्षास धरून आहे तेंच तर्कास धरून, असें आम्हीं त्यास मोठ्या विश्वासानें बजाविलें.

पुढें एका भरतीच्या परीक्षेंत तो दोन गुणांनीं मागें राहिला. घरीं येऊन त्यानें तक्रारीचा शब्द काढला नाहीं. फक्त उत्तरतालिका पुढें ठेविली. अशा धर्तीचे तीन प्रश्न होते, आणि तिन्ही त्यानें आमच्या शिकवणीप्रमाणें सोडविले होते. वयाची मर्यादा जवळ येत चाललेली, गांवीं एकच बैलजोडी उरलेली, आणि चूक आमची! त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

आमची चूक कोठें झाली, याचा आम्हीं मग सावकाश विचार केला. नैयायिकांचें अनुमान पांच अवयवांचें आहे : प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नि आहे. कारण धूर आहे. जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर. हा पर्वत तसाच धुरानें युक्त आहे. म्हणून त्यावर अग्नि आहे. यांतील उदाहरण महत्त्वाचें. आपल्या शास्त्रकारांस खरें ज्ञान हवें होतें. म्हणून पाहिलेल्या जगाचा दाखला अनुमानाच्या आंतच बसविलेला आहे. परीक्षकाचा प्रश्न याहून निराळा आहे. त्यास सागवानाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. दिलेलीं दोन वाक्यें मान्य केलीं तर तिसरें मानणें भागच पडतें काय, एवढेंच तो विचारतो. वाक्य खरें असणें ही एक गोष्ट आणि तें दिलेल्या वाक्यांतून निघणें ही दुसरी. आम्हीं या दोहोंची गल्लत केली होती.

ही गल्लत रानांतल्या मुलाची म्हणून कोणी हंसूं नये. १९३१ व १९३२ सालीं रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनीं उझबेकिस्तानांतील खेडुतांस असाच एक प्रश्न घातला होता : दूर उत्तरेस, जेथें बर्फ असतें, तेथें सर्व अस्वलें पांढरीं असतात, अमुक ठिकाण दूर उत्तरेस आहे, तेथील अस्वलें कोणत्या रंगाचीं? पुष्कळांनीं उत्तर दिलें, कीं आम्हीं तें ठिकाण पाहिलें नाहीं; ज्यानें पाहिलें त्यास विचारा. थोडेंबहुत शाळेंत गेलेल्यांनीं मात्र 'पांढरीं' असें तत्काळ सांगितलें. पहिल्या उत्तरांत बुद्धीची उणीव नाहीं. न पाहिलेल्याविषयीं बोलूं नये, हा प्रामाणिक माणसाचा नियम त्यांत आहे. कागदावरील प्रश्नास कागदापुरतेंच उत्तर देणें ही एक वेगळी रीत आहे, ती शिकावी लागते. आणि म्हणूनच ती शिकवितांहि येते.

मग आम्ही दोघे पुन्हां पहिलीपासून बसलों. वर्तुळें काढण्याची पद्धत यूरोपांत ऑयलर यांच्या १७६८ सालीं छापलेल्या पत्रांनीं रूढ केली, आणि व्हेन यांनीं ती १८८० सालीं सुधारली. झाडांचें मोठें वर्तुळ. सागवान त्याच्या पोटांत. पानझडीचें वर्तुळ झाडांस कोठेंतरी छेदणार. पण तें सागवानास स्पर्श करीलच असें दिलेल्या वाक्यांत कोठेंहि नाहीं. हें पाहून मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, 'पानझडी'च्या जागीं 'आंब्याचीं' घालून पाहूं का?" सर्व सागवान झाडें आहेत, कांहीं झाडें आंब्याचीं आहेत, म्हणून कांहीं सागवान आंब्याचे आहेत! सांचा तोच आणि निष्कर्ष हास्यास्पद. जो सांचा एकदां खोटें बोलतो, त्याच्या भरंवशावर दुसऱ्यांदा खरें कसें ठरवावें? ही युक्ति आम्हीं त्यास शिकविली नाहीं. त्यानें ती आम्हांस शिकविली. पुस्तकांतील आमची पेन्सिलीची दुरुस्ती आम्हीं त्याच्या देखत खोडली.

आमचें न्यायशास्त्र या कामीं अगदींच निरुपयोगी ठरलें असेंहि नव्हे. 'सर्व अ हे ब आहेत' यावरून 'सर्व ब हे अ आहेत' असें मानणें ही या परीक्षांतील फार मोठी फसगत आहे, आणि तिच्यावरील औषध आपल्याकडे जुनेंच आहे. जेथें धूर तेथें अग्नि हें खरें. पण जेथें अग्नि तेथें धूर हें खरें नव्हे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धुरास ओलें सरपण लागतें. मोहाचीं फुलें वेंचण्यासाठीं झाडाखालचा पालापाचोळा जाळतात तो वणवा, आणि हिवाळ्यांत वैनगंगेवर पहाटे दिसणारें धुकें, या दोहोंतला भेद आमच्या विद्यार्थ्यास कोणी सांगावयास नको होता. धुकें हा धूर नव्हे. हेतूच असिद्ध असेल तर पुढचें सर्व फुकट, हें तो एका वाक्यांत समजला.

दुसरा प्रकार नात्यांच्या प्रश्नांचा. इंग्रजींत काका, मामा, मावसा आणि आतोबा या चौघांस मिळून 'अंकल' हा एकच शब्द आहे. भाषांतरकार घाईनें सर्वत्र 'काका' लिहितो आणि आईच्या भावास मुलगा काका म्हणूं लागतो. अशा वेळीं शब्दावर न जातां वंशवृक्षाची आकृति काढावी. आणखी एक गंमत पाहा. आमच्या घरांत सुना सासऱ्यांस 'मामंजी' आणि सासूस 'आत्याबाई' म्हणत आल्या आहेत. नात्यांचे शब्द व विवाहाच्या रीति यांचा संबंध इरावती कर्वे यांनीं १९५३ सालच्या आपल्या ग्रंथांत विस्तारानें तपासला आहे. गोंड व माडिया समाजांत तर आते-मामे भावंडांचे विवाह रूढच आहेत. म्हणून आमचा विद्यार्थी 'मामा' वाचतांच मनांत सासराहि धरून चाले. ब्राह्मणाचें घर काय आणि माडियाचें काय, घरची रीत कागदावर आणावयाची नाहीं, हा नियम दोघांनाहि सारखाच.

तिसरा प्रकार बैठकव्यवस्थेचा. यांत आमच्या कुटुंबानें आम्हां सर्वांस मागें टाकिलें. प्रश्न असा : पांच जण एका पंगतीस बसले आहेत. आजोबा मधोमध, मामा एका टोंकास, बंडू मामास लागून, काका आजोबांस लागून. तर दुसऱ्या टोंकास दादा आहे कीं नाहीं? आम्ही उजवें टोंक कीं डावें याचा खल करीत होतों, तोंच आंतून उत्तर आलें, "मामा कोणत्याहि टोंकाला बसोत, दुसऱ्या टोंकाला दादाच!" तें बरोबर होतें. बंडू मामा आणि आजोबा यांच्यामध्यें आल्यावर काकांस आजोबांच्या पलीकडचीच जागा उरते. जें विचारलें नाहीं त्याचा निर्णय करण्यांत वेळ घालवूं नये, हा धडा आम्हांस स्वयंपाकघरांतून मिळाला. समोरासमोर बसलेल्यांचे प्रश्नहि त्यांस अवघड गेले नाहींत. समोर उभें राहून दुसऱ्याच्या पानाची डावी-उजवी बाजू संभाळून ज्यांनीं जन्मभर वाढलें, त्यांस आपला उजवा हात तो समोरच्याचा डावा, हें काय शिकवावयाचें?

तेव्हांपासून आमच्याकडे रात्रीं जेवणानंतर एक प्रश्न सर्वांपुढें ठेवण्याचा परिपाठ आहे. त्याचे नियम तीनच. उत्तर सांगणाऱ्यानें कारण सांगितलें पाहिजे. चुकलेला प्रश्न वहींत लिहून चूक वाचण्याची, समजुतीची कीं घाईची, हें पुढें नोंदविलें पाहिजे. आणि आठ दिवसांनीं तोच प्रश्न पुन्हां सोडविला पाहिजे. घड्याळ लावणें हें कारण पटल्यानंतरचें काम आहे. बाजारांत मिळणाऱ्या झटपट युक्त्या आम्ही त्याज्य मानीत नाहीं; परंतु युक्ति कां चालते हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास ती कोठें चालत नाहीं हेंहि ठाऊक नसतें. आणि वडील माणसाचें उत्तर चुकलें तर त्यानें तें सर्वांदेखत कबूल करावें; मुलांस तर्क शिकविण्याचा याहून चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाहीं.

तो तरुण पुढल्या परीक्षेची तयारी करीत आहे. रात्रीच्या प्रश्नास तो असतोच, आणि पुष्कळदां जेवणासहि. तो खात्रीनें निवडला जाईल, असें आम्ही म्हणत नाहीं. तो मेहनती आहे; कांहीं मेहनती मुलें निवडलीं जातात; परंतु एवढ्यावरून तो निवडला जाईल असें निघत नाहीं, हें आतां तोच आम्हांस हंसत हंसत सांगतो. आमची इच्छा मात्र आहे, आणि इच्छेस अनुमानाचा आधार लागत नाहीं.