पोपटाला मिरची का झोंबत नाही?

उन्हाळ्यात मुंबईतल्या लालबागच्या मसाला बाजारात कधी गेलाय का? बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी, लवंगी... नुसत्या मिरच्यांच्या राशी! वर्षाचा मसाला कांडायला डंक सुरू झाला, की असा खकाणा उठतो की शिंकून शिंकून पुरेवाट!

पण झाडावरच्या पोपटाला मिरची मिळू दे. पायात धरून, चोचीने फोडून, बियांसकट फस्त! ना ठसका, ना डोळ्यांत पाणी. असं कसं?

मिरचीतल्या तिखट पदार्थाचं नाव कॅप्सेसिन. मिरची उभी चिरून बघा. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, तिथे ते सर्वात जास्त असतं. आता आपल्या तोंडात डोकावू. जिभेतल्या चेतातंतूंवर प्रथिनांची इवलीशी दारं असतात. त्यांना म्हणतात आयन वाहिन्या. त्यातल्या एकीचं नाव टीआरपीव्ही१. चार सारखे तुकडे गोलाकार जुळलेले, मधोमध बारीक वाट. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर चटका बसला, की हे दार उघडतं, सोडियम-कॅल्शियमचे विद्युतभारित कण आत घुसतात आणि मेंदूला निरोप जातो, 'भाजलं!' कॅप्सेसिन या दाराच्या एका खाचेत जाऊन बसतं आणि चटका नसतानाही ते उघडतं. म्हणून तर फ्रीजमधल्या गार मिरचीनेही तोंडाची आग होते! शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने १९९७ साली हे दार शोधलं. २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं.

हे दार पक्ष्यांकडेही असतं आणि उष्णतेने उघडतंही. पण खाचेची घडण जराशी वेगळी, म्हणून कॅप्सेसिनची डाळ तिथे शिजत नाही. २००२ साली ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या दाराचा छोटा भाग कोंबडीच्या दारात बसवला. आणि काय आश्चर्य, ते मिरचीला उघडू लागलं!

यात मिरचीचाही फायदा आहे. उंदीर बिया चावून टाकतो, मग त्या रुजणार कशा? पक्ष्याच्या विष्ठेतून मात्र त्या अख्ख्या बाहेर पडतात आणि दूरवर उगवतात.

कुत्र्या-मांजरांची दारं मात्र आपल्यासारखीच, मिरचीला उघडणारी. तेव्हा गल्लीतल्या मोत्याला तिखट चटणीचा वडापाव कधीही घालू नका!