शिकलेल्या मंडळींचे काम
लोणीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना 1950 साली उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले. पण पहिले अध्यक्ष झाले पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ! ऊस शेतकऱ्यांचा, हिशोबाची विद्या त्यांची.

एकोडीसारख्या गावातही मास्तर आहेत, बँकेत नोकरी करणारे आहेत. आपण मात्र वार्षिक अहवाल फळीवर ठेवतो अन् सभेत ‘मंजूर, मंजूर’ म्हणून मोकळे होतो. उसाच्या पैशाचा हिशोब त्यातच असतो ना? तेव्हा सभेच्या आठ दिवस आधी या मंडळींनी ग्रामपंचायतीत बसून ताळेबंद वाचून दाखवावा : कर्ज किती, व्याज किती, ऊसबिलाचे देणे किती. बोलवायचे कोणी? सभासदांनीच. चहा आपला.