चमचाभर शिरा आणि गुलाबी रंग

‘‘उपाशीपोटी आलात ना?’’ लॅबमधल्या मुलीनं विचारलं. ‘‘हो हो,’’ शेजारच्या काकूंनी ठोकून दिलं. खरं तर पहाटे पाचला उठून सगळ्यांचे डबे करता करता त्यांनी चहाबरोबर तुपातला शिरा खाल्ला होता. मला हळूच म्हणाल्या, ‘‘चमचाभर शिऱ्यानं काय होतंय गं!’’

काय होतं, ते पाहू या. रक्त गोठलं की वर उरणारा पिवळसर द्रव म्हणजे सीरम. ट्रायग्लिसराइड मोजायला त्यातलं लागतं साधारण 10 मायक्रोलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचशेवा भाग! रिपोर्टमध्ये 150 आकडा येतो तेव्हा त्या थेंबुट्यात चरबी असते जेमतेम 15 मायक्रोग्रॅम. इतकी चिमुकली गोष्ट तराजूत कशी तोलणार? म्हणून तिचा रंग करतात.

1937 साली शाब्रोल आणि शारोना या फ्रेंच संशोधकांनी त्यासाठी चक्क व्हॅनिलिन वापरलं. हो, केकला व्हॅनिलाचा वास देणारंच! सल्फ्युरिक अॅसिडात तापवलेल्या चरबीत फॉस्फोरिक अॅसिड आणि व्हॅनिलिन घातलं की गुलाबी रंग येतो. आज ट्रायग्लिसराइडसाठी एन्झाइम वापरतात. ती चरबी फोडतात, त्यातून शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि त्यानं रसायन गुलाबी होतं. चरबी जास्त, तर रंग गडद. माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणाशी यंत्र तो रंग ताडून पाहतं.

जेवणानंतर काही तास ट्रायग्लिसराइड वाढलेलं असतं. गंमत पुढेच आहे. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, बऱ्याच लॅबमध्ये मोजत नाहीत. 1972 च्या फ्रीडवाल्ड सूत्रानं काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. समजा, एकूण 200, एचडीएल 50 आणि ट्रायग्लिसराइड 150. एलडीएल आलं 120. खाऊन गेल्यामुळे ट्रायग्लिसराइड 250 झालं, तर तेच एलडीएल दिसणार 100. म्हणजे धोका आहे तिथेच, कागदावर मात्र सगळं छान!

हल्ली काही डॉक्टर उपाशी न राहताही ही तपासणी करायला सांगतात. पण मग तशी नोंद हवी. पाळी गेल्यावर बायकांचं एलडीएल वाढू लागतं, त्यामुळे हा आकडा आपल्यासाठी मोलाचा. तेव्हा मैत्रिणींनो, काही खाल्लं असेल तर सरळ सांगा. फार तर उद्या परत यावं लागेल. एक दिवस डबे दुसरं कुणी करेल की!