टपालगाडीचा रखवालदार

आज पत्र घरपोच मिळते. ते वाटेत कोणी लुटील, अशी भीती आपल्याला वाटत नाही. दोनशे वर्षांपूर्वी मात्र टपालाला राखण लागे. आपल्याकडे हरकारा घुंगरू बांधलेला भाला घेऊन रानावनातून टपाल नेई. युरोपात हे काम घोड्यांच्या टपालगाड्या करत.

आयर्लंडच्या जवळजवळ मध्यभागी, शॅनन नदीच्या काठी ॲथलोन हे गाव आहे. डब्लिनहून गॉलवेला जाणारा रस्ता येथे नदी ओलांडत असे. डब्लिनपासून हे अंतर सुमारे १२५ किलोमीटर आहे. रस्ता एकाकी आणि रात्र अंधारी. थैल्यांत पत्रांबरोबर पैसेही असत. त्यामुळे लुटारूंचे भय फार असे.

२ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी निघाली. थोड्याच वर्षांत आयर्लंडमध्येही अशा गाड्या धावू लागल्या. गाडी व घोडे ठेकेदाराचे असत. रखवालदार मात्र टपाल खात्याचा नोकर असे. तो गाडीच्या मागच्या बाजूस, टपालाच्या पेटीपाशी बसे. त्याच्याजवळ रुंद तोंडाची आखूड बंदूक व पिस्तुले असत. कर्णा फुंकून तो पुढच्या लोकांना वाट मोकळी करण्यास सांगे. गाडी मोडली, तर टपाल घोड्यावर घालून पुढे नेणे हे त्याचे कर्तव्य असे.

पण बंदूक सगळ्याच संकटांना पुरी पडत नाही. त्या वेळी आयर्लंडवर इंग्रजांची सत्ता होती. मे १७९८ मध्ये तिच्याविरुद्ध उठाव झाला. डब्लिनहून येणारी टपालगाडी वेळेवर आली नाही, की उठाव सुरू झाला असे समजावे, अशी खूण ठरली होती. ॲथलोनची गाडी डब्लिनजवळ ल्यूकन येथेच अडवली गेली. खवळलेल्या जमावापुढे एका रखवालदाराचे काय चालणार?

पुढे १८१५ मध्ये इटलीहून आलेल्या बियांकोनी यांनी आयर्लंडमध्ये स्वस्त भाड्याच्या घोडागाड्या सुरू केल्या. गोरगरीब त्यांतून बाजाराला जाऊ लागले. या गाड्या रात्री-अपरात्री निर्जन वाटांवरून टपालही नेत. तरीही ४२ वर्षांत लोकांनी आपल्या गाड्यांना जराही धक्का लावला नाही, असे त्यांनी १८५७ मध्ये सांगितले. जी गाडी आपल्या उपयोगाची, तिची राखण लोक स्वतःच करतात.

१८५१ मध्ये डब्लिनहून ॲथलोनमार्गे गॉलवेपर्यंत रेल्वे सुरू झाली. घोड्यांच्या टपालगाडीचे दिवस तेथे सरले. त्याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम भागात मात्र खाणींतले सोने नेणाऱ्या गाड्यांवर गाडीवानाशेजारी बंदूकधारी रखवालदार बसू लागला होता.

बंदुकीने चोर दूर राहतो. रस्ता खरा निर्धास्त होतो तो लोकांच्या विश्वासाने.

स्वाध्याय
१. रखवालदाराची कामे कोणती होती?
२. १७९८ मध्ये उठावाची खूण कोणती ठरली होती?
३. बियांकोनी यांच्या गाड्या सुरक्षित का राहिल्या असतील? तुमच्या शब्दांत लिहा.