टेबलावरची कोळसागाडी

मालगाडीकडे कुणी हौसेने पाहत नाही. फाटकात अडकलेला माणूस वाघिणी मोजतो, तो वेळ घालवण्यासाठी. मी मोजतो ते डहाणूची कोळसागाडी घरातल्या टेबलावर धावावी म्हणून.

डहाणूचे औष्णिक वीज केंद्र ५०० मेगावॉटचे, १९९५ साली सुरू झालेले. कोळसा येतो रेल्वेने. कोळशाची ओळखीची वाघीण म्हणजे बीओएक्सएन : वरून उघडी, पावणेअकरा मीटर लांब, पोटात अठ्ठावन्न टन. अशा ५८ वाघिणी जोडल्या की सव्वासहाशे मीटरची गाडी होते. पुढे डब्ल्यूएजी-९ इंजिन. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी, जी म्हणजे मालवाहू. ताकद सहा हजार अश्वशक्ती.

एकास ८७ या प्रमाणात हीच गाडी सात मीटर भरते! तेव्हा पंधरा वाघिणींवर भागवावे. खरी अडचण रुळांची. बाजारातले तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, युरोपच्या मापाचे. आपले १,६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज या प्रमाणात १९.३ होते. म्हणून रूळ स्वतःच ठोकावे लागतात.

आणि देखावा? केंद्र उभे राहण्याआधीच चिकूच्या बागांची काळजी वाहणारे डहाणूकर न्यायालयात गेले होते. १९९१ साली हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ साली त्यासाठी प्राधिकरण नेमले गेले. म्हणूनच माझ्या टेबलावर चिमणीच्या शेजारी चिकूची झाडे आहेत. नुसती गाडी दाखवली, तर ती कुणाच्या वाडीपाशी थांबते, हे झाकले जाते.