पाहुण्यांना वायफाय द्या, घरचा पासवर्ड नको



गणपतीत पाहुणे आले की मुलं चहापाण्याच्या आधी विचारतात, "काका, वायफायचा पासवर्ड काय?" नाही म्हणणं बरं दिसत नाही, आपण सांगून टाकतो. पाहुणे दोन दिवसांनी जातात, पासवर्ड मात्र त्यांच्या फोनमध्येच राहतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर वायफाय 'शेअर' केलं की क्यूआर कोड येतो आणि त्याखाली पासवर्डही दिसतो. भाच्याकडून तो त्याच्या मित्राकडे जायला कितीसा वेळ लागणार!

यात बिघडलं काय? एकाच नेटवर्कवरची उपकरणं साधारणपणे एकमेकांपर्यंत पोहोचू शकतात. आपला लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही, दारावरचा कॅमेरा सगळं त्याच राउटरवर असतं. पाहुण्याच्या मनात काही नसतं हो, पण त्याच्या फोनमध्ये एखादं घातक ॲप आलेलं असेल तर ते आपल्या घरातली उपकरणं शोधू शकतं. शिक्षकांच्या लॅपटॉपवर तर वर्गातल्या मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे फोन नंबर असतात. ती माहिती आपली नाही, आपल्यावर विश्वासाने सोपवलेली आहे.

यावर उपाय म्हणजे 'गेस्ट नेटवर्क'. राउटर तोच, पण नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. जुन्या घरात आल्यागेल्याला ओटीवर बसवत, माजघरात थेट कोणी शिरत नसे, तसंच हे.

राउटरच्या खाली किंवा मागे स्टिकर असतो. त्यावरचा पत्ता, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा. (हा लॉगिनचा पासवर्ड अजून 'ॲडमिन'च असेल तर आधी तो बदला.) तिथे गेस्ट नेटवर्क चालू करा. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा, 'ओपन' ठेवू नका. पाहुण्यांना घरातलं नेटवर्क वापरू देण्याची परवानगी असा पर्याय दिसला तर तो बंदच हवा. काही राउटरवर 'गेस्ट' असं काही नसतं, फक्त दुसरं नाव देता येतं. नुसतं नाव वेगळं केलं म्हणजे नेटवर्क वेगळं झालं असं नाही! म्हणून तपासून पाहा: आपला फोन गेस्टवर जोडा, मोबाईल डेटा बंद करा आणि प्रिंटर किंवा टीव्ही दिसतो का बघा. दिसला, तर काम अर्धवट आहे. कनेक्शन देणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलवा.

मात्र कनेक्शन आपल्याच नावावर आहे. त्यावरून कोणी काही भलतंसलतं केलं तर चौकशी आधी आपल्याकडे येणार, गेस्ट नेटवर्क असलं तरी. म्हणून पाहुणे गेले की ते बंद करा किंवा त्याचा पासवर्ड बदला. घरच्या उपकरणांना धक्का लागत नाही, हीच तर सोय आहे.

जुना मुख्य पासवर्ड आतापर्यंत बऱ्याच जणांकडे गेला असेल, तर तोही एकदा बदलावा लागेल. मग टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, सगळीकडे नवा टाकत बसावं लागतं. त्यासाठी रविवारची सकाळ बरी, ऑनलाइन तास चालू असताना नको.