उलटी बाजू

सकाळी साडेसात. कुलूप काढलं की पहिलं काम पूर्वेच्या खिडकीचं. खादी आणि चित्रांच्या प्रदर्शनाचं आमचं दालन लहान, खिडकी मात्र वाड्याला शोभेल अशी. फाल्गुनात वर्ध्याचं ऊन आठालाच समोरच्या भिंतीवर चढतं आणि काल संध्याकाळी मी तिथेच हळदीत रंगवलेला दुपट्टा टांगून ठेवला होता. दिसत होता झकास. पण हळद उन्हाला टिकत नाही, पळसाच्या फुलांचा रंगही लवकर उडतो. मंजिष्ठेचा लाल आणि नीळ जास्त दम धरतात. म्हणजे पिवळे आत, निळे उजेडात. कालची सगळी मांडणी मोडायची.

नऊ. कापडाला खिळा मारत नाहीत. वरच्या कडेला खोळ शिवायची, तिच्यातून बांबू सरकवायचा, बांबू सुतळीला. चित्रांचं सोपं असतं: पाणसळ लावली, दोन खिळे ठोकले, झालं. तरी चित्रवाल्या पोरांचा रुसवा आहेच. ‘ताई, दारासमोर कापड आणि आम्ही कोपऱ्यात?’ फैजपूरच्या 1936च्या काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोसांना बोलावलं, तेव्हा मंडप गावच्या बांबूतूनच उभा राहिला, हे मी त्यांना ऐकवते. ती ऐकून घेतात आणि पुन्हा दाराकडे बोट दाखवतात.

अकरा. शाळेची रांग. चित्राला हात लावायचा नाही, हे मुलांना चटकन पटतं. खादीला मात्र हात लावल्याशिवाय ती कळत नाही. म्हणून टेबलावर एक मीटर कापड मुद्दाम मळायला ठेवलंय. ‘हे जाडंबारीक का?’ एकानं विचारलं. मी त्याच्या हातात टकळी आणि पेळू दिला. तीन वेळा धागा तुटल्यावर त्यानं उत्तर मागितलं नाही. चरख्यांत रस दिसला त्यांना मगनवाडीला धाडलं. मगनलाल गांधींच्या नावाचं मगन संग्रहालय तिथे आहे, 30 डिसेंबर 1938ला गांधीजींनीच उघडलेलं. मगन चरखा पायानं चालतो, त्याला चात्या दोन, म्हणून दोन्ही हात सूत ओढायला मोकळे. हे सांगून कळत नाही, बघावं लागतं.

बारा ते तीन. ‘साड्यांवर सूट किती?’ प्रदर्शन म्हटलं की आपल्याकडे सेलच. सातव्यांदा ‘विक्री नाही’ म्हणाले आणि वीज गेली. अंधारात डबा खाल्ला.

साडेतीन. सेलूकडच्या एक आजी नातीबरोबर आल्या. टेबलावरच्या कापडाकडे वळल्याच नाहीत, सरळ भिंतीवरच्या पंच्याचा काठ धरून त्यांनी तो उलटा केला. मी पुढे धावले. ‘थांब वो माय,’ म्हणत त्यांनी बोट वरून खाली ओढलं. ‘इथं चुकलं जी. फणीच्या एका घरात दोन धागे गेले.’

चार दिवस तो पंचा माझ्या डोळ्यांसमोर होता. उलट बाजूनं उजेडाकडे धरला तेव्हा ती बारीक उभी रेघ मला दिसली.

मग त्या चित्रांकडे वळल्या. कापूस वेचणाऱ्या बाईच्या मोठ्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. ‘रंग चांगले आहेत. पण वटी भरली की बाई मागं झुकते, अशी पुढं नाही वाकत.’ कमरेला बांधलेल्या वटीत कापूस साचला की त्याचं ओझं पुढे ओढतं, हे त्यांनी स्वतः तसं उभं राहून दाखवलं. कापडाची असो की चित्राची, इतकी नेमकी समीक्षा मी छापलेली क्वचितच वाचली आहे.

सहा. चित्रकार पोरगा आला. आजींचं बोलणं सांगितल्यावर आधी चिडला. मग वही काढली आणि मलाच म्हणाला, ‘ताई, कशा उभ्या होत्या, दाखवा बरं.’ चित्र फ्रेमबाहेरही असतं, हे त्याला कधीचं सांगायचंय. सेवाग्रामला बापूकुटीत मीराबेननी मातीच्या भिंतीवर उठवलेली ताडाची झाडं आहेत. आठ किलोमीटरवर राहून त्यानं ती पाहिलेली नाहीत!

साडेसात. टेबलावरचं कापड काळं झालंय, उद्या नवीन. पंचा तसाच ठेवतेय, पण उलटा करून. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. येताना हात धुऊन या आणि आणखी कशाची मागची बाजू बघायची असेल तर सांगा, बांबू उतरवून देईन.